गाढवखाडीचे एक्केचाळीस बुधवार

आपल्या ब्रेलित्सा गावच्या कालव-उत्पादक सहकारी संस्थेचे अध्यक्ष आणि माझे सख्खे चुलतभाऊ माननीय श्री. लूक्शा, राजधानीहून घाटाची एकशे बारा वळणं पार करून आलेले, आणि आता ज्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतलाय असे सागर-प्रयोग आयोगाचे सन्माननीय सदस्य श्री. हेर्चेग, ज्यांना आपल्या सगळ्यांबद्दल सगळं ठाऊक असतं आणि जे त्यातलं काहीच बोलू शकत नाहीत, ते आपले फादर क्लेमेंत, जिच्यासाठी आपण आज इस्त्रीचे कपडे घातले ती आपली डॉक्टर नेवेंका, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, भाच्यांनो, जावयांनो – म्हणजे सगळं गाव आलंच – आपणा सर्वांना या येरोलिमचं विनम्र अभिवादन.

निरोपाचं भाषण करायला मला उभं केलं ते विद्वत्तेमुळे नव्हे. संस्थेची बैठक झाली, बोलणार कोण असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी तेवढा वर पाहत होतो, कारण छत गळत होतं. म्हणून मी. शिवाय वयानं मीच थोरला. एक्क्याऐंशी पूर्ण झाली. शाळा चौथीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते दगडानं शिकवलं, समुद्रानं शिकवलं, आणि गेली चार वर्षं डॉक्टरच्या पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता चार पानं उघडली, त्यांनी शिकवलं.

बाहेर सार्डिन निखाऱ्यावर चढलेत. वास इथवर येतोय, मलाही येतोय. मासे करपण्याआधी मी खाली बसेन असं पेरीनाला कबूल केलं आहे. पेरीना म्हणजे माझी पत्नी, साहेब. ती तिसऱ्या रांगेत. पेरीना, पर्स खाली ठेव. अजून वेळ आहे.

तर डॉक्टर नेवेंका. चार वर्षं ही मुलगी आमच्या वरच्या खोलीत राहिली. तेच घर, ज्याला यंदा संत रोकच्या उत्सवाला सफेदी झाली नाही म्हणून तुम्ही सगळे दीड महिना मला, तुमच्या येरेकाकाला, बोलताय. "बार्बा येरे, घर का काळवंडलंय? हात थकले की काय?" थकले नाहीत. त्याकडे मी येणारच आहे. आधी पाहुणीचं कौतुक होऊ द्या.

ही आली मक्याच्या मुलखातून. सपाट मुलूख. तिथं उंच म्हणजे मक्याचं कणीस आणि खोल म्हणजे विहीर. समुद्राशी काही नातं नाही, आणि काम घेतलं समुद्राची तब्येत पाहायचं. पहिल्या दिवशी धक्क्यावरून होडीत उतरताना हिनं एक पाय होडीत ठेवला, एक धक्क्यावर, आणि होडीनं जे करायचं ते केलं. पाण्यातून बाहेर आल्यावर हिनं आधी काय पाहिलं? हातातली काचेची बाटली. बाटली भरली होती. म्हणाली, "चला, पहिला नमुना झाला." त्याच दिवशी पेरीना मला म्हणाली, हिला खोली द्यायची.

कालवं मात्र हिनं चार वर्षांत एकदाही खाल्ली नाहीत. विचारलं तर म्हणायची, "बार्बा, डॉक्टरनं आपले रोगी खाऊ नयेत."

याच सभागृहात हिनं पहिली सभा घेतली. भिंतीवर आलेख दाखवले. रेघ खाली चालली होती. आपण सगळे मान हलवत होतो, कारण रेघ खाली चालली की मान हलवावी एवढं आपल्याला कळतं. मग ही म्हणाली, "समुद्र आंबट होत चाललाय."

तेव्हा आपले माननीय अध्यक्ष उभे राहिले. आठवतं, लूक्शा? म्हणालास, "डॉक्टर, मी रोज त्यात तोंड धुतो. खारट आहे. आंबट असता तर सॅलडवर ओतला असता."

"जिभेला नाही कळत, श्रीयुत लूक्शा. कालवाला कळतं."

"का? कालवाला जीभ असते?"

"कवच असतं. कोवळं असताना ते बांधताच येत नाही त्याला. बांधलं तरी भुसभुशीत राहतं."

मग कोणी हसलं नाही. कारण पाच वर्षं आपण सगळेच ते बघत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. दोरांवर कालवांची पिल्लं बसायची ती राखेसारखी विरळ. बोटात धरली की चुरा. प्रत्येकाला वाटायचं, आपलाच दोर वाईट, आपलंच नशीब फुटकं. घरातलं आजारपण शेजाऱ्याला कोण सांगतं?

हवेतला धुराचा वायू समुद्र पितो आणि त्यानं आंबतो, हे ती समजावत होती. वीस मिनिटं समजावलं. मग तिसऱ्या रांगेतून पेरीना म्हणाली, "म्हणजे आपल्या टाकीसारखं."

श्री. हेर्चेग साहेब, तुमच्याकडे नळ आहेत म्हणून सांगतो. आमच्याकडे पावसाचं पाणी छपरावरून घराखालच्या टाकीत जातं. पाण्याला वास मारायला लागला, चव फिरली, की आमच्या आया कळीच्या चुन्याचा एक खडा त्यात सोडायच्या. पाणी सुधारायचं. कोणी शिकवलं नव्हतं. आजीनं केलं म्हणून आईनं केलं.

पेरीनाचं ऐकून डॉक्टरनं आलेखाकडे पाठ फिरवली. मग आपल्या या काकूला म्हणाली, "तेता पेरीना, हे एक वाक्य बोलता यावं म्हणून मी नऊ वर्षं शिकले."

तर औषध ते असं. एक पांढरा दगड. खाणीतून तसाच निघतो, भाजावा लागत नाही. तो दळायचा आणि पीठ पाण्यात थोडं थोडं सोडायचं. समुद्राचा आंबटपणा उतरतो. आणि आंबटपणा उतरलेला समुद्र हवेतला तो वायू पुन्हा ओढून घेतो, आणि हजारो वर्षं सोडत नाही. एका दगडात दोन कामं. कालवांचंही भलं, हवेचंही भलं. पण खरंच तसं होतं का, किती होतं, त्यानं दुसऱ्या कोणाचं नुकसान तर होत नाही, हे कोणीतरी लहान जागी करून बघायला हवं. त्यासाठी ही बाई आपल्याकडे आली. मी तिच्या पुस्तकातून सांगत नाही, माझ्या डोक्यातून सांगतोय. चुकलं तर डॉक्टर, खुणेनं सांग. मान हलवते आहे. म्हणजे बरोबर, किंवा रेघ खाली चालली आहे.

एकदा मी तिला वरच्या डोंगरात आमची जुनी चुनाभट्टी दाखवायला नेलं. आता तिच्यात अंजिराचं झाड उगवलंय. वडिलांनी आणि मी मिळून एकोणीस भट्ट्या लावल्या. भट्टी एकदा पेटली की आठ-आठ दिवस विझू द्यायची नाही. ती सगळीकडे हात लावून बघत होती. विचारलं, "बार्बा, शंभर किलो दगड टाकला की चुना किती निघायचा?"

"छप्पन. दगड चांगला असेल तर."

"आणि बाकीचे चव्वेचाळीस?"

"आगीनं खाल्ले. आगीला काय पोट नसतं?"

ती हसली नाही. म्हणाली, "आगीनं नाही खाल्ले, बार्बा. हवेत गेले. ज्याच्यामागे मी इथपर्यंत आले ना, तोच वायू."

मी तिथंच बसलो. आयुष्यभर माझा समज, मी पांढरं काम करतो. घरं पांढरी, टाक्या स्वच्छ, चर्चच्या भिंती उजळ. आणि एकोणीस भट्ट्यांमधून जवळजवळ निम्मा डोंगर आम्ही आभाळात सोडला होता! वडील गेले ते बरं झालं. त्यांना हे सांगावं लागलं असतं तर त्यांनी आधी मलाच भट्टीत घातलं असतं.

मी विचारलं, "मग मी आता पुन्हा भट्टी लावून चुना समुद्रात टाकला तर?"

"ताजा भाजलात तर हाताला काही लागणार नाही. आधी तो धूर पकडायला हवा."

"आणि जुना? पन्नास वर्षांपूर्वी भाजलेला, खड्ड्यात पडून असलेला?"

"त्याचा धूर केव्हाच गेला, बार्बा. तो आता फक्त परत घेण्याचं काम करेल."

हे ती सहज बोलून गेली आणि अंजीर तोडायला लागली. म्हाताऱ्या माणसासमोर जपून बोलावं, डॉक्टर. तो ऐकत असतो.

आता प्रयोगाविषयी थोडं. हे माननीय पाहुण्यांना ठाऊक आहे, पण पाहुण्यांना दाण्याचं ठाऊक नसेल.

आपल्या गावाला दोन खाड्या. मध्ये खडकाचं एक नाक. नाकाच्या दक्षिणेला अंजीरखाडी, तिथं लूक्शाचे दोर. उत्तरेला गाढवखाडी, तिथं माझे. डॉक्टर म्हणाली, एका खाडीत पीठ सोडायचं आणि दुसरीत काहीही नाही. दुसरी जशीच्या तशी राहिली, तरच पहिलीत काय फरक पडला ते कळेल. ऐकायला सोपं. पण औषध कोणाच्या खाडीला? लूक्शा म्हणाला माझ्या, मी म्हणालो माझ्या. दोन दिवस आमची भांडणं धक्क्यावर चालली. लूक्शानं माझ्या आजोबांचा उद्धार केला. ते त्याचेही आजोबा, हे त्याच्या संध्याकाळी लक्षात आलं. मग मीच म्हटलं, "दाणा टाका."

ही सूचना माझी होती. एवढं लक्षात ठेवा.

साहेब, आमच्याकडे मासेमारीच्या जागा दर वसंतात दाण्यावर ठरतात. चर्चच्या घंटावाल्याची टोपी, तिच्यात घेवड्याचे दाणे, डोळे मिटून हात घालायचा. जो दाणा येईल ती जागा. तिथं वाद नाही, अपील नाही. आमच्या गावात भावानं भावाची अंजिरं चोरली तर महिन्याभरात विसरतात. पण दाणा मोडून दुसऱ्याच्या जागी जाळं टाकणाऱ्याला कोणी 'शुभ सकाळ' म्हणत नाही. कोस्मा नावाच्या माणसानं माझ्या वडिलांच्या लहानपणी दाणा मोडला होता. त्याचा नातू तो तिथं दाराशी बसलाय, भला माणूस आहे, पण पत्त्यांच्या डावात आपण अजूनही त्याला शेवटचे पत्ते वाटतो.

टोपी फादर क्लेमेंत यांनी धरली. लूक्शाला पांढरा दाणा आला. मला काळा.

मार्च महिन्यातल्या पहिल्या सोमवारी डॉक्टरनं अंजीरखाडीत तराफ्यावरून पिठाचं पाणी सोडलं. दुधासारखी एक रेघ आली आणि विरली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, धक्क्यावर कॉफी घेताना आपले माननीय अध्यक्ष मला म्हणाले, "येरे, तुझ्या खाडीचं काम फार मोलाचं आहे बरं का."

"कसलं काम?"

"माझ्या खाडीशेजारी उभं राहायचं. नवरी देखणी दिसावी म्हणून शेजारी कोणाला तरी उभं करावं लागतंच की!"

सगळा धक्का हसला. मीही हसलो. हसायला काय जातं?

पुढे डिसेंबरपर्यंत हे चाललं. सोमवारी पीठ. गुरुवारी दोन्ही खाड्यांतून एकेक बाटली. गाढवखाडीची बाटली भरायचं काम डॉक्टरनं माझ्यावर सोपवलं होतं. का? तिला वाटलं, हा माणूस दाणा मानतो. बाटली तीनदा विसळायची, हातभर खोलीवर बुडवायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, तारीख लिहायची. सगळ्या बाटल्या आजही संस्थेच्या शीतघरात आहेत, कोळंबीच्या मागच्या फळीवर. तिथं कोणीतरी बिअर ठेवतं. ठेवा, पण बाटल्या हलवू नका.

आणि मग, बंधुभगिनींनो, आयोगाचा निकाल आला. मोठं सुबक पत्र होतं. सही सन्माननीय हेर्चेग साहेबांचीच. अक्षर पाहून पेरीना म्हणाली, हा माणूस घरी टापटीप असणार. पत्रात म्हटलं होतं की पीठ न टाकलेल्या खाडीचं पाणी पीठ टाकलेल्या खाडीइतकंच सुधारलं. अर्थात पीठ वाटेल तिकडे वाहत जातं. ते कुठं जातं याचा ठाव नाही. म्हणून प्रयोग निरर्थक, परवानगी पुढे नाही. आणि शेवटी एक ओळ होती: 'संशोधिकेने प्रवाहांचा अभ्यास अपुरा केला.'

प्रवाहांचा अभ्यास अपुरा! हिनं पीठ टाकण्याआधी दोन वर्षं पाण्याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. साठ संत्री सोडली होती अंजीरखाडीतून, प्रत्येकावर आकडा लिहून. आठवडाभर आपण सगळे होड्या घेऊन संत्र्यांमागे फिरत होतो. एकही नाक ओलांडून गाढवखाडीत आलं नाही. सगळी दक्षिणेला गेली. आयोगाचं म्हणणं, संत्री हा ग्राह्य पुरावा नाही. असेलही. आयोगाच्या पुढे बोलायची माझी लायकी नाही.

पत्र आलं त्या दुपारी ही आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. म्हणाली, "तेता, एकही संत्रं तिकडे गेलं नाही. मग पाणी कसं गेलं?"

पेरीना म्हणाली, "नाही गेलं मुली. मला ठाऊक आहे. त्यातल्या चाळीस संत्र्यांचा मुरंबा मीच केला."

"मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

मी तिथंच होतो. सुरी धुवत होतो. ती सुरी मी पुष्कळ वेळ धुतली.

आता हिला तिच्या गावच्या बिअरच्या कारखान्यात पाणी तपासायची नोकरी लागली आहे. बिअर वाईट नसते. पण 'अपुरा अभ्यास' ही ओळ जिच्या नावावर चढली, तिला समुद्राजवळ पुन्हा कोण उभं करणार? उद्या सकाळी सातच्या गाडीनं ही जाते आहे. आणि आज सकाळी हेर्चेग साहेबांनी सहज सांगितलं की या प्रयोगाची फाईल उद्या महिनाअखेरीला कायमची बंद होते. साहेब, ते तुम्ही सहज सांगितलंत. मी पुन्हा तेच म्हणतो. म्हाताऱ्या माणसासमोर जपून बोलावं.

आता माझ्या घराच्या सफेदीकडे येतो.

आमच्या अंगणात डाळिंबाखाली एक खड्डा आहे. वडिलांनी शेवटच्या भट्टीचा चुना पाण्यात विझवून त्यात घातला आणि वर हातभर वाळू टाकली. चुना जितका मुरतो तितका लोण्यासारखा होतो. दर वर्षी संत रोकच्या आधी वाळू बाजूला करायची, चार बादल्या काढायच्या, घर उजळायचं. वडील म्हणायचे, येरे, हा चुना तुझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल.

पुरला नाही. घर पांढरं झालं नाही, कारण खड्ड्यात चुना नाही.

लूक्शा, ती टेबलावरची घंटा वाजवू नकोस. बस. अध्यक्षांनी मधेच उठायचं नसतं.

त्या मंगळवारी धक्क्यावर हसून मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बुधवार. बुधवारी डॉक्टर तालुक्याला जायची. दुपारी जेवणं झाली की आपलं गाव कसं झोपतं ते तुम्हाला काय सांगू? त्या वेळी एखाद्यानं चर्चची घंटा उतरवून नेली तरी चार वाजेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. मी सहा बादल्या चुना काढला, होडीत पिंप होतं त्यात समुद्राच्या पाण्यात कालवला, पातळ ताकासारखा केला, आणि गाढवखाडीत माझ्या दोरांमधून हळूहळू, चाळणीतून सोडत गेलो. घाई केली नाही. डॉक्टरला करताना पाहिलं होतं. एकदम ओतलं तर पिल्लांना चटका बसतो.

पुढच्या बुधवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा. एक्केचाळीस बुधवार.

आणि गुरुवारी बाटली भरायचो. तीनदा विसळून, हातभर खोलीवर, बुडबुडा न ठेवता. बाटली प्रामाणिक होती. समुद्र नव्हता.

का केलं? मला फार आवडेल असं म्हणायला की एकोणीस भट्ट्यांचं पाप धुवायला केलं, हवेसाठी केलं. तो विचार आला, नाही असं नाही. पण तो आला सातव्या-आठव्या बुधवारी, तोवर हात चालू झालेले होते. पहिली बादली मी लूक्शाच्या तोंडामुळे ओतली. आणि दोर रिकामे पाहवत नव्हते म्हणून. सत्तर वर्षं ज्या पाण्यानं पोसलं, त्याला आजारी बघत नुसतं शेजारी उभं राहायचं, मधल्या भिंतीपलीकडे औषध वाटलं जात असताना? दाणा काळा आला होता. मी तो मोडला. ज्यानं 'दाणा टाका' म्हटलं त्यानंच मोडला.

मला वाटलं होतं, काय बिघडतं? दोन्ही खाड्या बऱ्या झाल्या तर डॉक्टरला आनंदच होईल. ज्याला रोगी बरा करायचाय त्याला दोन रोगी बरे झाले तर वाईट का वाटेल? 'काहीही न करणं' हेही एक काम असतं, आणि ते माझ्यावर सोपवलं होतं, हे मला पत्र आल्यावर कळलं. चौथीच्या पुस्तकात हा धडा नव्हता.

फादर क्लेमेंत खाली बघताहेत. त्यांना तीन आठवड्यांपासून ठाऊक आहे. त्यांनी मला जपमाळेच्या पाच फेऱ्या सांगितल्या आणि वर म्हणाले, "येरोलिम, बाकीचं प्रायश्चित्त माझ्याकडे नाही, सभागृहात आहे." तीन आठवडे मी सभागृहाकडे येणारे सगळे रस्ते टाळले. मग छत गळायला लागलं, आणि मी वर पाहिलं.

पेरीना, मला ऐकू येतंय. सगळ्यांना येतंय. ती म्हणते आहे की हा मनुष्य एक्केचाळीस बुधवार 'होडीला ऊन दाखवून येतो' म्हणून जात होता. होडीलाही ऊन मिळालंच, पेरीना.

आता भेटवस्तू. संस्थेतर्फे डॉक्टरला चांदीचं कालव दिलं जाईल, ते अध्यक्ष देतील. माझी स्वतःची भेट या पिशवीत आहे. दोन वस्तू आहेत.

पहिली, गेल्या वर्षीचं चर्चचं भिंतीवरचं कॅलेंडर. प्रत्येक बुधवारच्या चौकोनात पेन्सिलीच्या रेघा आहेत. एक रेघ म्हणजे एक बादली. पेरीनाला वाटायचं मी गुडघ्याच्या गोळ्या मोजतोय. जुलैतल्या एका बुधवारी चारच रेघा आहेत, त्या दिवशी लूक्शा झोपला नव्हता. सप्टेंबरात एका बुधवारी वारा होता, तिथं लिहिलंय 'वारा'. मी चोरी केली, पण हातचलाखी केली नाही.

दुसरी, ही बरणी. खड्ड्याच्या तळाचा शेवटचा चुना. डॉक्टर, तुला आठवतं, जानेवारीत मी साळसूद चेहऱ्यानं विचारलं होतं की तुझं पीठ आणि साधा चुना एकाच बाटलीत मिसळले तर वेगळे ओळखता येतील का? तू म्हणालीस, "येतील बार्बा. एक मॅग्नेशियमचा, एक कॅल्शियमचा. काम चिवट आहे, पण येतील. फक्त कोणीतरी सांगायला हवं ना, काय शोधायचं ते."

हे घे. मी सांगतोय. हे शोध.

अंजीरखाडीच्या एक्केचाळीस बाटल्या शीतघरात आहेत, गाढवखाडीच्या एक्केचाळीस आहेत. गाढवखाडीच्या बाटल्यांत तुझं पीठ सापडलं तर आयोगाचं खरं. आणि माझा चुना सापडला, कॅलेंडरातल्या रेघांबरहुकूम सापडला, तर पीठ नाक ओलांडून आलं नाही, संत्री खरं बोलत होती, आणि तुझा अभ्यास अपुरा नव्हता. अपुरा होता तो माझा शब्द.

श्री. हेर्चेग साहेब, आपण पाहुणे आहात, पाहुण्याला कामाला लावणं आमच्या रीतीत बसत नाही. पण तुमच्या खिशाला पेन दिसतंय, आणि फाईल उद्यापर्यंत उघडी आहे. तुम्हाला जे लेखी हवं असेल ते मी इथंच, या टेबलावर लिहून सही करतो. अक्षर तुमच्यासारखं सुबक नाही. ओळी वर चढतात. तेवढं चालवून घ्यावं.

नेवेंका पोरी, तू हसते आहेस की रडते आहेस ते मला दिसत नाही. चष्मा मी मघाशी मुद्दाम काढून ठेवला. तू माझ्याशी बोललीच नाहीस तरी चालेल. पण सातच्या गाडीत बसण्याआधी बाटल्या बघ. बिअर कुठं जात नाही.

गावकऱ्यांनो, तुमचं माझं काय ते सरळ आहे. दाणा मोडणाऱ्याला शुभ सकाळ म्हणायची नसते. उद्या सकाळपासून मी ते मान्य करतो. आजची संध्याकाळ तेवढी मोजू नका, कारण सार्डिन मी पकडलेत. आणि पत्त्यांच्या डावात मला कोस्माच्या नातवाच्याही नंतर पत्ते वाटा. त्यानं फार वर्षं वाट पाहिली आहे. बघा, आत्तापासूनच किती सरळ बसलाय!

वेळेचं भान ठेवून आभाराकडे वळतो. अध्यक्षांनी दोनदा उठून दोन्ही वेळा बसून घेतलं, त्यांचे आभार. माननीय पाहुण्यांनी पेनाचं टोपण काढलं आहे, त्यांचे फार आभार. फादर गप्प राहिले, तो त्यांचा व्यवसायच आहे, तरी आभार. पेरीनाचे आभार मी घरी मानेन, तिनं ऐकून घेतले तर.

भाषणात एखादं नाव राहिलं असेल, मानपानात उणंअधिक झालं असेल, कोणाच्या आजोबांबद्दल जास्त बोललो असेन, तर त्या लहानसहान चुका पोटात घाला. मोठीसाठी मी ते मागत नाही. तिची तारीखवार नोंद डॉक्टरच्या हातात आहे.

आणि पुढच्या वसंतात आयोगानं पुन्हा परवानगी दिली, पुन्हा टोपी फिरली, तर गाढवखाडीसाठी दुसऱ्या कोणाचा तरी हात घाला. पांढरा आला तर उत्तम. काळा आला तर मी बुधवारी दुपारी सगळ्या गावाबरोबर झोपेन. या वेळी शब्द पाळणं मला जड जाणार नाही. खड्डा रिकामा आहे.

चला, मासे करपताहेत.